केळवण, मुहूर्तमेढ, देवक, हळद: लग्नाआधीच्या या विधींचा अर्थ काय? आणि हळद लावायचा मान नक्की कुणाचा?

लग्न म्हटलं की सध्या सगळ्यात आधी आठवतात ते हळदीचे रील्स. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक हिंदू घरांत हळदीच्या आधीही बरंच काही होतं. ते का करतात, जाणून घ्या.

केळवण
लग्न ठरलं की नातेवाईक आणि मित्रमंडळी वराला किंवा वधूला जेवायला बोलावतात. औक्षण, गोडाधोडाचं जेवण, अहेर असा थाट असतो. काही ठिकाणी यालाच गडगनेर म्हणतात.

मुहूर्तमेढ
दारात मांडव घालताना त्याचा पहिला खांब मुहूर्तावर पुरायचा, ती मुहूर्तमेढ. त्याला आंब्याची पानं बांधतात, हळदकुंकू वाहतात. आता लग्नं हॉलमध्ये होतात, तरी फ्लॅटमध्ये कुंडीत छोटी मेढ रोवून हा विधी करतात.

देवक
अनेक मराठा आणि कुणबी कुळांचं देवक ठरलेलं असतं. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या. दोन्ही घरांचं देवक एकच असेल, तर परंपरेनं सोयरीक करत नाहीत. एकदा देवक बसलं, की मध्येच सुतक आलं तरी लग्न थांबत नाही, असा रिवाज आहे. पाहुणे जमलेले, तयारी झालेली. अशा वेळी ही सोय मोठी असते.

हळद
पूर्वी हळद घरीच कुटायचे. मुसळाला आंब्याची पानं बांधून सवाष्णी हळद कुटायच्या, जात्यावर ओव्या म्हणायच्या. याला घाणा भरणं म्हणतात. आधी नवरदेवाला हळद लागते आणि उरलेली नवरीकडे जाते. हीच ती उष्टी हळद.

मग आईनं बाजूला का थांबायचं?
या सगळ्या विधींत मान असतो सवाष्णींचा. त्यामुळे नवरा गेल्यावर जिनं एकटीनं मुलांना वाढवलं, ती आईच अनेक घरांत हळदीच्या वेळी मागे उभी राहते. कुणी तिला थेट अडवतं असंही नाही; बऱ्याचदा ती स्वतःच पुढे येत नाही.

हे बदलायला सुरुवात झाली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यांसारख्या विधवा प्रथा बंद केल्या. त्यानंतर राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसंच करण्याचं आवाहन केलं.

पण लग्नघरातली हळद ग्रामसभेच्या ठरावानं लागत नाही. तिथे शब्द चालतो घरातल्या मोठ्यांचा आणि नवरा-नवरीचा. मुलानं किंवा मुलीनं "पहिली हळद आईच लावेल" एवढं आधीच सांगून ठेवलं, तरी पुष्कळ घरांत प्रश्न सुटतो. विधी तोच राहतो, फक्त पहिला हात आईचा असतो.