हापशाचा हिशेब

हापशाचा दांडा एकदा खाली दाबा, एकदा वर जाऊ द्या. याला आपण एक हिसका म्हणू. तोटीतून पाणी किती पडलं? साधारण 300 मिलिलीटर. तांब्यासुद्धा धड भरला नाही. हा 300 मिलिलीटरचा आकडा हाताशी ठेवा आणि चला माझ्याबरोबर. इथून निघून आपल्याला फार म्हणजे फार लांब जायचं आहे.

मिनिटाला 40 हिसके, म्हणजे 12 लिटर. 15 लिटरची घागर भरायला 50 हिसके, सव्वा मिनिट. आता सरकारी पाणीपुरवठ्याचं जुनं माप घ्या: 250 माणसांमागे एक हापसा आणि माणशी रोज 40 लिटर पाणी. करा गुणाकार. 10,000 लिटर! साडेसहाशेहून जास्त घागरी! एकीमागून एक, मध्ये क्षणभरही न थांबता भरल्या तरी चौदा तास लागतात. पहाटे पाचला पहिली घागर, संध्याकाळी सातला शेवटची. आणि हिसके? 33,000 च्या वर. एका हापशाला, एका दिवसात!

33,000 हा आकडा नुसता वाचून कळत नाही, तो चालून पाहावा लागतो. प्रत्येक हिसक्याला दांड्याचं टोक सुमारे एक मीटर खाली येतं आणि एक मीटर वर जातं. हिसक्यामागे 2 मीटर. दिवसाला 66 किलोमीटरच्या वर. मुंबई ते पुणे रेल्वेने 192 किलोमीटर. म्हणजे वेशीवरच्या ओट्यात घट्ट रोवलेला, जागचा इंचभरही न हललेला हापसा तीन दिवसांत पुण्याला पोचतो! वर्षाला 24,000 किलोमीटर. वीस महिन्यांत पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा. सोळा वर्षं टिकला तर दांड्याचं टोक चंद्राइतकं अंतर चाललेलं असतं. इंजिन नाही, डिझेल नाही, विजेची तार नाही. सगळं हातांनी, आणि त्यातले बहुतेक हात बायकांचे आणि पोरींचे.

हे झालं वरचं. आता जमिनीखाली उतरू.

आपण ज्या हापशाबद्दल बोलतो आहोत त्याचं कागदोपत्री नाव इंडिया मार्क-टू. तो 45 मीटर खोलीवरचं पाणी आरामात उचलतो. 45 मीटर म्हणजे पंधरा मजली इमारत जमिनीत उलटी पुरल्यासारखी, जुन्या मापाने पंचवीसेक पुरुष खोल. तळाशी सिलिंडर आहे, त्याचा आतला व्यास फक्त 63.5 मिलिमीटर. त्यात दट्ट्या. या दट्ट्यावर पाण्याचा भार किती? 140 किलोच्या वर! दट्ट्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्यांचं वजन आणखी 40 किलो. एकूण 180. पन्नास किलोची साडेतीन पोती. प्रत्येक हिसक्याला ही साडेतीन पोती उचलली जातात आणि दहा-बारा वर्षांची पोर ती उचलते! कारण दांड्याची तरफ आठ पट जोर देते, 180 किलोचे साडेबावीस करते, आणि दांडा भरीव लोखंडाचा असल्यामुळे त्याचं स्वतःचं वजनही तिच्या बाजूने खाली ओढतं. 180 किलो, दिवसात 33,000 वेळा: 6,000 टन. दहा टनी ट्रक 600, काठोकाठ भरलेले. रोज. आणि हा सगळा भार पेलतात हापशाच्या डोक्यातल्या लोखंडी पेटीत बसवलेली दोन छोटी बेअरिंगं, जी मुठीत मावतील.

म्हणूनच आधीचे हापसे मोडत होते. 1966-67 च्या बिहारच्या दुष्काळानंतर कठीण खडक फोडणारी यंत्रं युनिसेफने देशात आणली. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातही झपाझप विंधन विहिरी पडू लागल्या. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने हे डोळ्यांनी पाहिलं. भोकं पडली, पाणी लागलं, पण वर बसवले ते बिडाचे पंप. मूळ घडण युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांची, एका कुटुंबापुरती. हिशेब करून पाहू. सहा माणसांचं घर, माणशी 40 लिटर, 240 लिटर, म्हणजे दिवसाला 800 हिसके. आणि आपल्या गावात त्याच पंपाला 33,000. बेचाळीस पट! घरच्या वापरात जी झीज व्हायला वर्ष लागलं असतं ती गावात नऊ दिवसांत होणार. नऊ दिवसांत वर्ष! 1974 च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा जवळपास 75 टक्के पंप बंद सापडले. चारांतले तीन. खाली पाणी, वर माणसं, आणि मध्ये मोडलेलं बीड. मला या साऱ्या गोष्टीत सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा आकडा हाच वाटतो.

आणि उत्तर कुठून आलं? जालन्याहून! सोलापूरहून! जालन्याच्या मिशनमधल्या मंडळींनी मोडके पंप दुरुस्त करता करता बीड सोडून दिलं आणि पोलादाच्या पत्र्याचं डोकं जोडून बनवलं. दांड्याला अनेक सांध्यांऐवजी एकच सांधा ठेवला आणि सळीला साखळी लावली, म्हणजे सळी सरळ रेषेतच वर-खाली होणार. सोलापूरच्या वेल सर्व्हिसने तीच कल्पना आणखी पक्की केली, बेअरिंगं चांगली बसवली. सोलापूर पंप हा त्या काळातला सगळ्यात टिकाऊ हापसा ठरला. दुष्काळाच्या पट्ट्यातल्या कार्यशाळांनी, हाताला वंगण लागलेल्या माणसांनी हे घडवलं.

मग मोठी माणसं आणि मोठ्या संस्था कामाला लागल्या, आणि हे त्यांच्या मोठेपणाचं की त्यांनी नवं काही शोधत बसण्याऐवजी सोलापूरचा पंपच समोर ठेवला. भारत सरकार, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, मद्रासची यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्था, आणि 1858 साली मुंबईत सुरू झालेली रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी. कोइमतूरच्या परिसरात, जिथे पाणी खोल आणि हापसणारे हात भरपूर, तिथे 1976-77 मध्ये नमुन्याचे पंप लावले. प्रयोगशाळा म्हणजे गावच. पुढे ऐंशीच्या दशकातही तिथेच चाचण्या चालू राहिल्या. एकच उदाहरण सांगतो. दट्ट्याला चामड्याचे वॉशर असायचे, ते लवकर झिजायचे. त्यांच्या जागी नायट्राइल रबराचे वॉशर लावून पाहिले आणि दुरुस्त्या झपाट्याने कमी झाल्या. वॉशर! तळहातावर मावणारी वस्तू! पण ती बदलायची तर वर्षानुवर्षं खोलीवरून पाइप उपसावे लागत. 45 मीटरला तीन-तीन मीटरचे पंधरा पाइप, एक एक खोलून वर. म्हणून एक वॉशर टिकला की पंधरा पाइप वाचले, दुरुस्तीच्या गाडीची एक खेप वाचली, गावाचे पाण्याविना जाणारे दिवस वाचले.

आराखड्यावर कुणी मालकी सांगितली नाही. भारतीय मानक ठरलं, क्रमांक 9301, आणि जो कारखाना ते पाळेल त्याने पंप बनवावा. इथून पुढे आकडे पळू लागतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत किती मार्क-टू बनले आणि बसवले गेले? 50 लाख! पाच लाख नव्हे, पन्नास लाख! प्रत्येकाखाली सरासरी 30 मीटर पाइप धरा. दीड लाख किलोमीटर पाइप. मुंबई-पुणे अंतराच्या 780 पट. विषुववृत्ताला पावणेचार वेढे. आणि हा सगळा पाइप उभा, जमिनीत खाली गेलेला.

आता पाणी. सगळे हापसे सगळ्या क्षमतेने चालले तर काय, हे पाहू. प्रत्यक्षात काही कोरडे पडले, काहींच्या जागी दुसरे आले, हे खरं. पण यंत्राच्या अंगात किती ताकद आहे ते मोजायचं तर पूर्ण क्षमताच धरायला हवी. 50 लाख गुणिले 10,000 लिटर. रोज 5,000 कोटी लिटर!

5,000 कोटी लिटर म्हणजे किती? 2016 साली लातूरला पाणी घेऊन गेलेली जलदूत गाडी आठवते? मिरजेहून निघायची, पुढे पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर पाणी. सारा देश ती पाहत होता. एकच हापसा अशी आख्खी गाडी 250 दिवसांत भरतो. आणि सगळे हापसे मिळून? रोज 20,000 जलदूत! वीस हजार गाड्या! रात्रंदिवस सुटत राहिल्या तर मिनिटाला चौदा. एका गाडीच्या वाघिणी सहाशे मीटरहून लांब. सगळ्या एकामागे एक जोडल्या तर 12,000 किलोमीटर. मुंबई ते पुणे शेजारी शेजारी बासष्ट रूळ टाका, बासष्टही रूळ मुंबईपासून कल्याणवरून, बोरघाट चढून लोणावळ्यावरून पार पुण्यापर्यंत पाण्याच्या वाघिणींनी गच्च. उद्या पुन्हा तेवढ्याच. परवा पुन्हा.

पुण्याच्या वाचकांसाठी धरणात मोजू. खडकवासल्याचा उपयुक्त साठा 1.97 टीएमसी. आपलं रोजचं पाणी 1.77 टीएमसी. रोज जवळजवळ एक खडकवासला! पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारही धरणांची साखळी सतरा दिवसांत. आणि कोयना, 105 टीएमसीची कोयना, दोन महिन्यांत काठोकाठ! तांब्या न भरणाऱ्या हिसक्यांनी!

रुपयांत? दुकानातली बाटली वीस रुपये लिटर धरा. 5,000 कोटी लिटरचे होतात 1 लाख कोटी रुपये. एका दिवसाचे! महाराष्ट्राचा 2025-26 या वर्षाचा अर्थसंकल्प 7 लाख कोटींच्या घरात होता. सोमवारी हापसायला लागलो तर रविवारी संध्याकाळी राज्याचा तो वर्षाचा अर्थसंकल्प तोटीतून पडलेला असेल.

आणि आता ते अंतर, जे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. एका हापशाचं टोक दिवसाला 66 किलोमीटरहून थोडं जास्त चालतं. गुणिले 50 लाख. 33 कोटी किलोमीटर! सूर्य इथून 15 कोटी किलोमीटर. म्हणजे रोज सूर्यापर्यंत जाऊन परत, आणि वर 3 कोटी किलोमीटर शिल्लक! त्या शिलकीत चंद्राला जाऊन येऊन चाळीस खेपा होतात.

थांबू नका. मार्क-टूच्या चाचण्या चालू होत्या त्याच 1977 साली व्हॉयेजर-वन हे यान पृथ्वीवरून निघालं. माणसाने बनवलेली इतकी लांब गेलेली दुसरी वस्तू नाही. जवळपास अर्धं शतक अखंड धावून ते 2,500 कोटी किलोमीटरवर पोचलं आहे. आपल्या हापशांना तेवढं अंतर चालायला पंच्याहत्तर दिवस लागतात! पंच्याहत्तर दिवस! वर्षाला ते 12,000 कोटी किलोमीटर कापतात. सूर्यापासून नेपच्यून 450 कोटी किलोमीटर, तो तर दोन आठवड्यांत मागे पडला. आता ताऱ्यांचं मापच काढावं लागेल. प्रकाश सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावतो, आणि वर्षभर धावून जेवढा जातो ते एक प्रकाशवर्ष, साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. भागाकार करा, मी दोनदा केला. 78 वर्षं येतात. एका माणसाच्या आयुष्यात एक प्रकाशवर्ष, दोन बेअरिंगांवर, एका साखळीवर, घागरीमागे पन्नास हिसक्यांनी!