सही आणि संयम

१९९३ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात सदर्न बॅप्टिस्ट पंथीयांनी ‘ट्रू लव्ह वेट्स’ ही चळवळ आरंभिली, आणि विवाहापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याची शपथ छापलेल्या लहानशा कार्डावर पंधरा-सोळा वर्षांची मुलेमुली सही करू लागली. पुढच्याच वर्षी अशी दोन लाखांहून अधिक कार्डे राजधानी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर मांडली गेली, तेव्हा ते दृश्य पाहून कित्येक आईबापांचा ऊर भरून आला असेल, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

परंतु सही म्हणजे संयम नव्हे. पीटर बेअरमन व हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखविले की, शपथेमुळे पहिला शरीरसंबंध सरासरीने दीड वर्षाने लांबतो खरा, पण शाळेत शपथ घेणारे थोडे असतील तरच. बहुतेकांनी ती घेतली की तिचे तेज उतरते. पुढे जॅनेट रोझेनबॉम यांनी, शपथेपूर्वी धर्मनिष्ठा व विचार यांत सारखीच असलेली, पण पुढे शपथ घेतलेली व न घेतलेली मुले निवडून त्यांची तुलना केली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा दिसले की, शपथेनंतर पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या लैंगिक वर्तनात फरक उरला नव्हता, आणि शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्के तरुण ती घेतल्याचेच नाकारीत होते.

मला अधिक व्यथित करते ती निराळीच बाब: शपथ घेतलेली मुले संबंधाच्या वेळी निरोध वा अन्य गर्भनिरोधक साधने इतरांहून कमी वापरीत. ‘हे घडणारच नाही’ असे ज्याला शिकविले, त्याने तयारी कशाची करावी? आईबापांनो, मुलांशी या विषयावर स्वतः बोला, पुन्हा पुन्हा बोला. ते काम एका कार्डावर सोपवू नका.