विमानतळाची वाट आणि आपला वाटा

25 डिसेंबर 2025 रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. पनवेलच्या उंबरठ्याशी हे घडण्यापूर्वी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावे उठली. ज्यांनी एवढे दिले, त्यांच्या वाट्याला नुसता धूर येऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे. पण हा धूर येतो कोठून?

विमानतळांच्या कर्बवायूचा हिशेब जगभर तीन खात्यांत मांडतात. पहिले खाते विमानतळाच्या स्वतःच्या गाड्या आणि जनरेटर यांचे. दुसरे, विकत घेतलेल्या विजेचे. तिसरे इतरांचे : विमान कंपन्यांचे आणि विमानतळावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या वाहनांचे.

पहिली दोन खाती व्यवस्थापनाच्या हातात असतात. कोचीचा विमानतळ 2015 मध्ये पूर्णपणे सौरऊर्जेवर चालू लागला. मुंबईच्या विमानतळानेही 2022 मध्ये सगळी वीज सूर्य, वारा आणि पाणी यांच्यापासून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे इच्छा असली की हे जमते. अडते ते तिसऱ्या खात्यात. विमानाचे इंधन काही आपल्या हाती नाही. पण घरापासून विमानतळापर्यंतची वाट मात्र आपली आहे.

आता आपली रीत पाहा. कोकणात माणूस एकटा परदेशी जात नाही. नोकरीसाठी दुबईला निघालेला मुलगा असो की हजला निघालेले आजोबा, प्रवासी एक आणि पोहोचवायला माणसे पंधरा! विमानतळाच्या दारातून आत जातो तो एकटा प्रवासी. बाकीचे काचेबाहेरून हात हलवतात. निरोपाच्या कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने या मायेला नावे ठेवू नयेत. पण मायेचाही हिशेब करून पाहावा.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कर्बवायू हवेत जातो. विमानतळ 50 किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 100 किलोमीटर होतात. गाडी लिटरला 15 किलोमीटर धावते असे धरले, तरी एका गाडीमागे 15 किलो कर्बवायू झाला. सोळा माणसांना चार गाड्या लागल्या, की 60 किलो. हेच अंतर 40 माणसे घेऊन एका बसने काटले, बस लिटरला पाच किलोमीटर धावली, तर माणशी दीड किलोही होत नाही.

या विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. म्हणजे दिवसाला जवळजवळ 55 हजार. पुढे ती नऊ कोटींवर न्यायची योजना आहे. प्रत्येकामागे एक गाडी आली, तर पनवेल-उलव्याच्या रस्त्यांचे काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

मात्र लोकसहकार्य म्हणजे फक्त लोकांनाच उपदेश नव्हे. नेरूळ-उरण मार्गावरचे तरघर स्थानक विमानतळाच्या जवळ आहे. पनवेल स्थानकात लोकल आणि कोकणच्या गाड्या दोन्ही येतात. या दोन्ही ठिकाणांहून पहाटे आणि मध्यरात्रीही बस मिळाली, तिच्यात बॅगा ठेवायला जागा असली, तर लोक टॅक्सीचा खर्च कशाला करतील? ही मागणी आपल्या ग्रामपंचायतीने, महापालिकेतल्या नगरसेवकाने आणि प्रवासी संघटनांनी लावून धरली पाहिजे. विमानतळावर कामाला जाणाऱ्या हजारो माणसांसाठी तर ती रोजचीच गरज आहे.

आणि आपण काय करावे? हार, पेढे, गळाभेट, दुआ, आशीर्वाद हे सारे अंगणात व्हावे. तिथे आजीलाही बसता येते आणि शेजाऱ्यांनाही येता येते. सोबत एक-दोघांनी जावे. एकाच दिवशी निघणाऱ्या दोन घरांनी एक गाडी करावी. न्यायला आलात आणि विमानाला उशीर झाला, तर थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे.

एवढ्याने आकाशातला धूर थांबणार नाही, हे खरे. पण रस्त्यावरचा थांबेल, आणि तो पहिल्यांदा रस्त्याकाठच्या पोरांच्या छातीत जातो. विमानतळासाठी ज्यांची घरे गेली, त्यांच्याच नव्या घरांवरून आता ही वाट जाते. तिथून जाताना गाड्या जरा कमी असाव्यात, एवढे तर आपल्याला करता येईल.