आधी कोयती, मग सुरी

पावसाळी भटकंतीचे दिवस जवळ आले की मोबाइलवर चाकूंच्या जाहिराती सुरू होतात. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मुठीत होकायंत्र आणि आगपेटी, वर नायलॉनचं म्यान. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बेटेगावातल्या माणसाने असा चाकू मागवावा, याची मला मोठी गंमत वाटते. त्याच रस्त्याने सकाळी रानाकडे निघालेल्या वारली शेतकऱ्याच्या कमरेला याहून सरस हत्यार लटकत असतं. बहुतेक वेळा ते याहून स्वस्तही असतं.

रोज वाडीत, बांधावर, रानात वापरायचं, न मिटणाऱ्या पात्याचं आणि परवडणारं हत्यार निवडायचं, तर पोलादाची चौकशी नंतर करावी. आधी आपलं काम काय ते बघावं. आपल्याकडची कामं ठरलेली आहेत. भाताचं रोप करायच्या जागेवर राब भाजायचा, त्यासाठी ऐनाच्या फांद्या झाडावर चढून एका हाताने तोडायच्या. कुडाला कारवी आणायची. कुंपणाला काट्या रचायच्या. बांबू फोडायचा, पावसात वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब कापायचे, नारळ सोलायचा, वाटेवर लोंबणाऱ्या वेली छाटायच्या. यात बारीक कापाकापी थोडीच. तोडणं, सोलणं आणि फोडणं हेच फार. जाहिरातीतला चाकू यांपैकी एकाही कामाला धड नाही.

ही सगळी कामं कोयता करतो, आणि ती कशी करतो ते बघायचं तर एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेला बसलेल्या ताडगोळेवाल्यासमोर पाच मिनिटं उभं राहावं. डाव्या हातात फळ, उजव्या हातात कोयता. पहिल्या घावात वरची टोपी उडते. दुसरा, तिसरा घाव जेमतेम अर्ध्या बोटाच्या खोलीचा. गोळ्यातलं पाणी सांडू द्यायचं नाही म्हणून हात तिथल्या तिथे थांबतो. मग पात्याचं टोक आत सरकवून हलकासा पीळ, आणि गोळा अख्खा बाहेर. इतकं जड दिसणारं हत्यार इतकं नाजूक काम करतं ते वजनाच्या वाटणीमुळे. पात्याचा भार पुढे असतो, त्यामुळे तोडताना ताकद हाताला लावावी लागत नाही, हत्यार आपल्याच वजनाने पडतं. पुढचा वाक फांदीला धरून ठेवतो, घाव घसरत नाही. शिवाय धार आतल्या बाजूला असल्याने फांदी तुटून घाव पुढे गेला तरी दगडावर आधी आपटतो तो पाठीचा बाक, धार वाचते. काटेरी जाळी ओढून बाजूला करायलाही तोच वाक कामाला येतो.

मात्र मोठा कोयता सरसकट सगळ्यांनी घेऊ नये. ज्याची वाडी आहे, ज्याला रोज नारळ नाहीतर लाकूड तोडायचं आहे, त्याने घ्यावा. शनिवार-रविवारी काळदुर्गावर नाहीतर अशेरीगडावर जाणाऱ्याला, घरामागे चार झाडं असणाऱ्याला लहान कोयती पुरे. पातं साधारण सात-आठ इंचांचं, वजन अर्ध्या किलोच्या आत. वजनाचा मोह टाळावा. दुकानात जड कोयता हातात घेतला की मर्द वाटतो. दोन तासांनी मनगट धरतं आणि थकलेल्या हातातलं हत्यार स्वतःच्याच नडगीवर येतं.

आता पोलाद. चांगली कोयती बहुधा ट्रकच्या कमानपाट्याची असते. यात जुगाड म्हणून नाक मुरडण्यासारखं काही नाही. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम-मँगनीज. हजारो खड्डे सोसून पुन्हा सरळ व्हावं म्हणूनच ते बनवलेलं असतं. फांदीवर घाव घालणाऱ्या पात्याला हाच गुण लागतो: धार धरण्याइतकं कठीण, पण ठिकरी न उडण्याइतकं चिवट. बांधकामाच्या सळईतून केलेल्या कोयतीत एवढा कार्बन नसतो. ती नवी असताना चकचकीत दिसते आणि आठवड्यात धार वळते.

पाटा कितीही चांगला असला तरी खरा खेळ पाणी देण्याचा. घिसाड्याची पालं रस्त्याकडेला पडली की हा खेळ उघड्यावर बघायला मिळतो. तो सांडशीने लाल पाटा ऐरणीवर धरतो, समोर उभी राहून त्याची बायको घण घालते, आणि दोघांत एक शब्दही बोलला जात नाही. त्याच्या हातोडीचा टिचका कुठे पडला त्यावरून तिला पुढचा घाव कुठे घालायचा ते कळतं. आकार आला की पातं पुन्हा तापवायचं. साधारण 770 अंश सेल्सिअसला पोलादाची चुंबकाशी ओढ संपते. त्याच्या थोडं पुढे नेऊन, म्हणजे लाल रंग चांगला उजळला की, पातं बुडवायचं. जाणता लोहार अख्खं पातं बुडवत नाही, फक्त धारेची बाजू बुडवतो. धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून पातं वर काढून दगडाने धारेजवळची काजळी घासायची आणि रंग बघत थांबायचं. पाठीत राहिलेली ऊब हळूहळू धारेकडे उतरते. आधी फिकट पिवळा रंग चढतो, तो साधारण 220 अंशांचा. मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300च्या आसपास निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबतात. कोयतीला जांभळा-निळा येऊ द्यायचा आणि पुन्हा बुडवून उतार थांबवायचा. एवढ्या सगळ्याला मिनिटाच्या आसपास वेळ मिळतो, आणि कोयती दहा वर्षं चालणार की दोन पावसाळे, हे तेवढ्यात ठरतं.

गिऱ्हाइकाला हे रंग दिसत नाहीत, ते घासून गेलेले असतात. त्याने आपल्या पद्धतीने कोयतीची परीक्षा घ्यावी. खिशात एक लहान कानस न्यावी आणि विचारून धारेच्या कोपऱ्यावर फिरवावी. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली तर पाणी दिलेलंच नाही. नुसतीच घसरत राहिली तर उतार नीट दिलेला नाही, गाठीवर घाव पडला की तुकडा उडेल. जरा जोर लावल्यावर बारीक कीस निघाला की समजावं, जमलं आहे. मग मूठ सैल धरून पाठीवर नाण्याने टिचकी मारावी. आवाज घुमला तर ठीक. बद्द आला तर मूठ ढिली आहे किंवा पात्यात कुठे तडा आहे. जुन्या पाट्याला थकव्याचे तडे असू शकतात, म्हणून उन्हात धरून दोन्ही अंगं नीट बघावीत. “दादा, पाटा कसला?” हे विचारायला लाजू नये. चांगला लोहार या प्रश्नाने खूश होतो आणि जरा जास्तच सांगतो.

मुठीकडे लोक बघतच नाहीत. हत्यार निकामी होतं ते बहुतेक वेळा मुठीपाशी. पात्याची जी पट्टी लाकडात जाते ती किमान अर्ध्या मुठीपर्यंत गेलेली हवी. आरपार जाऊन मागे ठोकून वळवलेली असेल तर उत्तम. तोंडाशी लोखंडी कडं हवं, नाहीतर लाकूड चिरतं. शिसव, बाभूळ, खैर यांपैकी काहीही चालेल, फक्त लाकूड वाळलेलं असावं. ओल्या लाकडाची मूठ मे महिन्यात हमखास ढिली होते. मुठीला शेवटी चोचीसारखा उंचवटा असतो तो शोभेचा नाही, घामट किंवा ओल्या हातातून कोयती निसटू नये म्हणून असतो. तो नसेल तर दुसरी बघावी.

कोयती झाली, तरी एक उणीव राहतेच. दोरी कापणं, फळ चिरणं, मासळी साफ करणं, काटकी तासणं ही कामं तिच्याने होतात, पण कंटाळवाणी होतात. यासाठी चार इंची पात्याची साधी सुरी जवळ असावी. परदेशी माल घ्यायचाच असेल तर स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या बघाव्यात. तिथे 1891 पासून हा धंदा चालतो. त्यांची नेहमीची सुरी म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर लांब, अडीच मिलिमीटर जाड पातं, प्लॅस्टिकची मूठ आणि साधं म्यान. दिसायला काही नाही, कापायला फार छान. स्वीडनमध्ये ती सुतार-गवंड्यांच्या कमरेला असते, आपल्याकडे ती ‘साहसी’ लोकांची म्हणून विकली जाते. मात्र या सुरीवर दगड ठोकून लाकूड फोडायला जाऊ नये, ते कोयतीचं काम.

गंजणारी घ्यावी की न गंजणारी, याचं उत्तर आपण राहतो कुठे यावर आहे. सातपाटी, तारापूर, चिंचणीच्या किनाऱ्यावर खारं पाणी रोजचं, तिथे सुरी स्टेनलेसचीच बरी. पण स्टेनलेस म्हणजे भांड्यांचं स्टेनलेस नव्हे. ताट-वाट्यांना वापरतात तो 304 जातीचा पत्रा कितीही तापवून बुडवला तरी कडक होत नाही, त्याला धार टिकत नाही. सुरीला साधारण 13 टक्के क्रोमियम आणि सोबत पुरेसा कार्बन असलेलं पोलाद लागतं. ओळखायला लोहचुंबक पुरतं: सुरीचं स्टेनलेस त्याला घट्ट चिकटतं, 304 जवळजवळ चिकटत नाही. बेटेगावपासून आत, भातशेती आणि रानाकडे वावर असेल तर साधं पोलाद घ्यावं. ते गंजतं हे खरं, पण धार लावायला सोपं. वापरून झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला की जून ते सप्टेंबर निभावतं. ओल्या चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नये, गंज तिथेच धरतो.

आणि तो जाहिरातीतला चाकू? 1982च्या ‘फर्स्ट ब्लड’ सिनेमापासून पोकळ मुठीचं खूळ जगभर पसरलं. स्वस्त नकलेत पातं आणि मूठ यांचा सांधा एखाद्या नटावर अवलंबून असतो. दोन फांद्या तोडल्या की पातं हलायला लागतं. पाठीवरच्या दातांनी लाकूड कापत नाही, ते म्यान मात्र फाडतात.

कायद्याचं थोडं. 1959चा शस्त्र कायदा केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. शस्त्र नियमांत धारदार हत्यारांसाठी 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि तिथेही शेती, घरकाम, उद्योग यांची अवजारं वगळलेली आहेत. पण हे वाचून कोयती कमरेला लावून बोईसरहून लोकलमध्ये चढू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात आणि त्यात हत्यार बाळगायला बंदी असते. पुण्यातल्या कोयत्याच्या गुन्ह्यांनंतर तर कोयत्याकडे बघायची नजरच बदलली आहे. बांधावरचा कोयता अवजार असतो. तोच रात्री अकरा वाजता मोटारसायकलच्या डिकीत सापडला तर खुलासा करत बसावं लागतं. प्रवासात गोणपाटात गुंडाळून, बांधून, सामानाच्या तळाशी ठेवावा. आणि राखीव वनात आपल्या हौसेपायी हिरवी फांदी तोडणं हा वन कायद्याखाली गुन्हा आहे. वनहक्क ज्यांना मिळाले आहेत त्यांची गोष्ट वेगळी, ट्रेकला आलेल्यांची वेगळी.

नवी कोयती लोहाराकडून येते ती बहुधा ओबडधोबड धारेची. तिला आधी कानशीने दोन्ही अंगांनी सारखी करावी, मग ओल्या निसण्यावर फिरवावी. सुरीसारखी पातळ धार काढायला जाऊ नये. पहिल्याच सुक्या बांबूला ती वळते. धार जरा जाडसर ठेवून पाठीमागे हलका फुगवटा राहू द्यावा. झाली की कारवीच्या एका काठीवर तिरका घाव घालून बघावा. काठी एका घावात तुटली आणि काप गुळगुळीत आला तर पुरे. चिंध्या निघाल्या तर निसण्यावर आणखी दहा हात.