बॅटरीच्या ॲपला ठावठिकाणा कशासाठी?

चैत्रात मोहफुले वेचावयास पहाटेच्या अंधारात रानाची वाट धरणाऱ्या सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडील माणसाला, जेथे वाघाचे भय ही नित्याची वस्तुस्थिती आहे, हाती उजेड असणे किती निकडीचे असते हे निराळे सांगावयास नको. आणि तो उजेड आता पुष्कळदा मोबाइलचाच असतो. परंतु त्यासाठी घेतलेले एखादे फुकटचे ॲप दिवा लावण्यापूर्वीच आपला ठावठिकाणा आणि आपली संपर्कयादी मागू लागले, तर त्यास होकार देणे म्हणजे कंदील उसना आणताना घराचे कुलमुखत्यारपत्र लिहून देण्यासारखे आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ हे कोट्यवधी लोकांनी उतरवून घेतलेले ॲप केवळ दिवा लावीत असे. मात्र ते वापरणाऱ्याचे नेमके स्थान व फोनची ओळखखूण जाहिरात कंपन्यांकडे रवाना करीत होते, आणि अटी मान्य की अमान्य हे माणसाने ठरविण्यापूर्वीच ही रवानगी सुरू झालेली असे, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2013 च्या डिसेंबरात ठेवला. अशा नोंदी दिवसामागून दिवस साठत गेल्या, की माणूस रात्री कोठे निजतो, दिवसा कोठे राबतो आणि घर केव्हा ओस असते, हे त्याचे नावही ठाऊक नसलेल्या परक्यास कळू शकते.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही माहिती माणसापुरती राहत नाही, आणि मला अधिक चिंता वाटते ती याचीच. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांच्या मोबाइलला मज्जाव आहे. पण प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, धानाच्या बांधावर दिसलेल्या वाघाचे छायाचित्र कोणीही काढतो, आणि कॅमेऱ्याची स्थाननोंद चालू असेल तर त्या जागेचे अक्षांश-रेखांश छायाचित्रातच दडून राहतात. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून धाडल्यास ते गळून पडतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडल्यास मात्र जसेच्या तसे जातात. वाघाच्या ठावठिकाण्याचे मोल जाणणारे लोक आहेत: मध्य प्रदेशातील पन्ना प्रकल्पातील एका वाघाच्या गळपट्ट्याची उपग्रहीय नोंद ज्या ईमेल खात्यात येई, ते उघडण्याचा प्रयत्न 2013 मध्ये पुण्याहून झाल्याचे उघडकीस आले होते; तो प्रयत्न फसला, हे सुदैव.

आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सहाव्या कलमात एक बोलके उदाहरण आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपला संपर्कयादी पाहण्याची संमती कोणी दिली, तरी ती यादी त्या कामास अनावश्यक असल्याने संमती तेवढ्यापुरती लागू होत नाही. तत्त्व निःसंशय न्याय्य आहे. परंतु नियम निघाले ते 2025 च्या नोव्हेंबरात, आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यास आणखी दीड वर्षाची मुदत ठेवण्यात आली.

तोवर वाचकांनी स्वतःच एवढे करावे: बहुतेक फोनांत दिवा मुळातच असतो, तेव्हा त्याचे निराळे ॲप काढून टाकावे, सेटिंग्जमध्ये जाऊन कोणत्या ॲपला कशाची परवानगी दिली आहे ते तपासावे, कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद ठेवावी, आणि ज्यांना हे वाचता येत नाही अशा घरातील वडीलधाऱ्यांचा फोनही आजच पाहून घ्यावा.