विश्लेषण : जंतुसंसर्ग आणि मुदतपूर्व प्रसूती, प्रतिजैविके देऊनही कळा का थांबत नाहीत?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ जन्मले तर ती मुदतपूर्व प्रसूती. २०२० मध्ये जगात अशी अंदाजे १.३४ कोटी बाळे जन्मली. त्यातली ३० लाख भारतातली, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा जास्त. प्रत्येक वेळी कारण सापडतेच असे नाही. मात्र फारच लवकर होणाऱ्या प्रसूतींमागे अनेकदा जंतुसंसर्ग आढळतो.

संसर्गाने कळा कशा येतात?

योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस हे उपयुक्त जिवाणू आम्लता राखतात. हा तोल बिघडला की इतर जिवाणू वाढतात आणि कधी कधी गर्भाशयमुखातून वर, गर्भाभोवतीच्या आवरणापर्यंत पोहोचतात. आईला ताप येईलच असे नाही. तिची प्रतिकारशक्ती मात्र सायटोकाइन नावाचे रासायनिक संदेश सोडते. हाच दाह. त्यातून प्रोस्टाग्लँडिन वाढते, गर्भाशय आकुंचन पावू लागते, गर्भाशयमुख मऊ होते. काही एन्झाइम आवरण कमकुवत करतात आणि पाणमोट लवकर फुटते. थोडक्यात, कळा आणतो तो मुख्यतः जिवाणूंना शरीराने दिलेला प्रतिसाद.

मग सर्वांनाच प्रतिजैविके का देत नाहीत?

हा प्रयोग झाला आहे. ‘ओरॅकल’ या ब्रिटनमधून चालवलेल्या चाचणीत, मुदतीआधी कळा सुरू झालेल्या पण पाणमोट शाबूत असलेल्या ६,२९५ महिलांचा समावेश होता. २००१ च्या निष्कर्षांनुसार प्रतिजैविकांचा बाळांना फायदा झाला नाही. मुले सात वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी झाली, तेव्हा चित्र अधिक गंभीर निघाले : एरिथ्रोमायसिन दिलेल्या गटात सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण ३.३ टक्के, न दिलेल्या गटात १.७ टक्के. असे का झाले, याचे ठाम उत्तर मिळालेले नाही. कळा का थांबल्या नसाव्यात, हे एमसीबीच्या उदाहरणाने समजते : खटका पडल्यावर दोषी वायर काढली तरी तो आपोआप वर जात नाही.

पाणमोट आधीच फुटली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर निवडक प्रतिजैविके देतात आणि त्यांचा उपयोगही होतो. त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या घेणे धोक्याचे, तसेच डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धवट सोडणेही.

काय तपासावे?

लघवीची कल्चर तपासणी. लक्षणे नसतानाही लघवीत जिवाणू असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. अंगावरून पाणी जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, ताप किंवा ३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने पोटात कळ येणे, यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी.