बाबाबा म्हणालं, पण कोणाला?

बडोद्याच्या अकोटा भागातल्या एखाद्या मराठी घरात सात महिन्यांचं बाळ दुपट्यावर पालथं पडून एकाएकी "बाबाबा" म्हणतं. बाबांना वाटतं, आपल्यालाच हाक मारली. शेजारच्या गुजराती घरातल्या आजींनाही तसंच वाटतं, कारण त्यांना घरात सगळे 'बा' म्हणतात. मग हाक कोणाला होती? कोणालाच नाही. तरीही त्या क्षणी जे घडलं, ते फार मोठं आहे.

बाळाने केलं काय? आवाज चालू ठेवून जबडा वरखाली हलवला, एवढंच. जिभेला अजून स्वतंत्र हालचाल जमत नाही, ती जबड्याबरोबर वरखाली होते. ओठ मिटून उघडले की बाबाबा. जीभ पुढे असली की देदेदे, मागे असली की गूगू. पीटर मॅकनीलेज आणि बार्बरा डेव्हिस या संशोधकांनी बाळांच्या बडबडीत नेमक्या याच जोड्या टिपल्या आणि पुढे निरनिराळ्या भाषांच्या घरांतही त्या आढळल्या. जगातल्या इतक्या भाषांत आईवडिलांची नावं म, ब, प यांनी का सुरू होतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी या इवल्याशा जबड्यात आहे. बाळ आवाज काढतं आणि तो आपलाच म्हणून आपण हक्काने घेऊन टाकतो!

पण बोलण्याची तयारी याच्याही कितीतरी आधी सुरू झालेली असते. पोटात असतानाच, शेवटच्या तिमाहीत, आईच्या बोलण्यातले चढउतार बाळाच्या कानी पडत असतात. २००९ साली कॅथलीन वर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच दिवसांच्या साठ बाळांचं रडणं तपासलं, तीस फ्रेंच आणि तीस जर्मन. फ्रेंच बाळांचा सूर बहुतेकदा खालून वर चढत होता, जर्मन बाळांचा वरून खाली उतरत होता, जसा त्या त्या भाषेचा असतो तसाच. म्हणजे पहिला टाहोसुद्धा मातृभाषेच्या चालीवर!

आता कानांकडे वळू. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना चक्क आपले 'त' आणि 'ट' ऐकवले. बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. स्पीकरमधून एकच अक्षर पुन्हापुन्हा येतंय. ते बदललं की बाजूच्या काळ्या काचेमागे दिवा लागतो आणि खेळण्यातला प्राणी हलू लागतो. ही गंमत एकदा कळली की अक्षर बदलताच बाळ स्वतःहून तिकडे मान वळवतं. सहा ते आठ महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या बाळांना हा फरक ऐकू आला. त्यांच्या आईवडिलांना तो ऐकूच येत नाही! आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना? बहुतेकांना तो ऐकू येईनासा झाला होता. हिंदी घरातल्या बाळांना मात्र तो तेव्हाही ऐकू येत होता. १९८४ साली हा शोधनिबंध आला, आणि मला तो आजही थक्क करतो. पावसाळ्यात माळावर चहूकडे वाहणारं पाणी पुढे मोजक्या ओढ्यांतच उरावं, तसं कानाचं होतं. जे रोज वाहतं, ते टिकतं.

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या अलीकडे-पलीकडे, दांडिया बाजारापासून अकोट्यापर्यंत, मराठी घरं आहेत. गायकवाडांच्या काळापासून या शहरात मराठी बोलली जाते. या घरांतल्या बाळाच्या कानात दोन भाषा रोज वाहतात. त, ट आणि ळ दोन्हीकडे आहेत, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च हे मराठी कानाला निराळे. प्रमाण गुजरातीत मात्र दुसराच तेवढा. उलट गुजरातीत 'बार' म्हणजे बारा, आणि 'बहार' म्हणजे बाहेर. बोलताना या दुसऱ्या शब्दातला ह स्वरातच मुरतो, आणि मग दोघांत फरक उरतो तो केवळ श्वासाचा. 'आ' म्हणताना थोडी हवा सुटली की माणूस बाहेर गेला, नाही सुटली की बारा वाजले! मोठेपणी गुजराती शिकणाऱ्याला हा फरक पकडताना घाम फुटतो. वरच्या मजल्यावरच्या बेनच्या कडेवर रोज बसणाऱ्या बाळाला तो वेगळा शिकवावाच लागत नाही. दोन भाषांनी बाळ गोंधळेल ही भीती मी पुष्कळ घरांत ऐकली आहे, आणि ती मनातून काढून टाकावी असं मला कळकळीने वाटतं. गर्भात इंग्रजी आणि टागालोग अशा दोन्ही भाषा ऐकलेली नवजात बाळं त्या दोन भाषा वेगळ्या ओळखतात, हे २०१० साली दाखवून झालं आहे.

मात्र नुसत्या आवाजाने भागत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं तिचे आवाज शिकली. तेच पडद्यावर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत. मायकेल गोल्डस्टीन यांच्या २००३ च्या प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांनी आवाज काढताच काही आयांनी हसून स्पर्श केला. बाकीच्यांनी तेवढंच केलं, पण बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळवता. पहिल्या गटातली बडबड तिथल्या तिथे सुधारली, अक्षरं स्पष्ट झाली. 'बाबाबा' ऐकून धावत आलेले बाबा आणि बा दोघंही चुकले होते, आणि दोघांनी अगदी बरोबर केलं होतं.

दहा महिने उलटले तरी बाबाबा, दादादा असं काहीच ऐकू येत नसेल, तर कान तपासून घ्यावेत. ऐकू न येणाऱ्या बाळांची अशी बडबड बरीच उशिरा सुरू होते. निदान तोंडाची तरी. कारण १९९१ साली लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर बाळं पाहिली. ती बाळं त्याच वयात बडबडत होती. एकच निरर्थक खूण, तालात, पुन्हापुन्हा, बोटांनी.